पूर्वेकडच्या दोन खोल्या

१

बुधवारी सकाळी चिंचोळगीच्या पंचायतीचा शिपाई कुलूप काढायला गेला, तेव्हा दाराच्या कडीत घडी घातलेला एक कागद खोचलेला होता. पंचायतीच्या दाराला असे कागद नेहमीच यायचे. कुणाच्या गल्लीत पाणी नाही, कुणाच्या दारात गटार तुंबलंय. शिपायानं तो टेबलावर ठेवला, झाडून काढलं, माठ भरला आणि मग सवडीनं उघडला. वाचून झाल्यावर पंचायत तशीच उघडी टाकून तो अध्यक्षांच्या घराकडं पळत सुटला.

कागदावर निळ्या शाईत सुटी सुटी अक्षरं काढून मराठीत लिहिलं होतं :

"गुरुवारी बाजारात पाण्याच्या टाकीखाली मोठा स्फोट होईल. सबब पूर्वेकडे साठ फुटांच्या आत कोणी बसू नये. शाळेच्या त्या अंगाच्या दोन खोल्या रिकाम्या कराव्यात. पोरांना अगोदर काढावे."

खाली नाव नव्हतं. कुठल्या संघटनेचा पत्ता नव्हता. मागणीही नव्हती.

चिंचोळगी हे निंबर्ग्याच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं कर्नाटकातलं गाव. गुरुवारच्या बाजाराला दोन्ही राज्यांतल्या पंधरा-वीस खेड्यांची माणसं येतात. मार्चच्या उन्हात गावात दाट सावली एकाच जागी, ती टाकीची. सकाळी ती पश्चिमेला असते, दुपारनंतर पूर्वेला सरकते आणि तिच्यामागं बाजारही सरकतो.

दुपारपर्यंत कलबुर्गीहून बॉम्बशोधक पथक आलं. कुत्र्यानं टाकीचे खांब, शाळेची पडवी, उकिरडे सगळं हुंगलं आणि शेवटी जीभ बाहेर काढून सावलीत बसलं. काही मिळालं नाही. तरी टाकीभोवती पिवळी फीत बांधली, शाळा बंद ठेवली, आणि गुरुवारचा बाजार हॉटेलवाल्या वीरेशच्या मोकळ्या रानात हलवला. गुरुवार उगवला आणि मावळला. स्फोट झाला नाही.

शुक्रवारी दीपमाला आली.

ती जिल्ह्याच्या गुप्तवार्ता शाखेत हेड कॉन्स्टेबल होती. वय बेचाळीस, अंगावर साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. अकरा वर्षं आळंद तालुक्यातले बाजार, जत्रा, मोर्चे, सभा हेच तिचं काम. कडेला उभं राहायचं, माणसं मोजायची, कोण काय बोलतं ते ऐकायचं, आणि संध्याकाळी वर कळवायचं. वेषांतराचा काही उपयोग उरला नव्हता; गावोगावी तिला 'रिपोर्टवाली बाई' म्हणूनच ओळखत. ती हॉटेलात बाकावर टेकली की शेजारचा माणूस चहा लवकर संपवायचा. आळंदला भाड्याच्या खोलीत ती एकटी राहायची, आणि घरमालकीणही तिच्याशी बोलताना शब्द मोजून बोलायची.

तिचे वरिष्ठ महादेवप्पा फोनवर कन्नडमध्ये बोलले. फौजदारांना हा खोडसाळपणा वाटतो, ते म्हणाले. आपल्याला मंगळवारी दुपारपर्यंत एक शब्द द्यायचा आहे : धोका कमी, मध्यम की जास्त. कमी म्हटलं तर फीत निघेल, शाळा उघडेल, येत्या गुरुवारी बाजार पुन्हा टाकीखाली भरेल. जास्त म्हटलं तर कारण द्यावं लागेल.

दीपमालानं मूळ कागद ठाण्यात पाहून घेतला. साधा वहीचा कागद नव्हता तो. पानाच्या मधोमध दोन उभ्या तांबड्या रेघा होत्या आणि लिहिणाऱ्यानं त्या रेघांवरूनच ओळी नेल्या होत्या. पण तिला कागदापेक्षा शेवटचं वाक्य सलत होतं. अकरा वर्षांत तिनं धमकीची कितीतरी पत्रं वाचली होती. पोरांना अगोदर काढा म्हणणारं एकही नव्हतं.

२

वीरेशचं चहाचं हॉटेल टाकीच्या पश्चिमेला, खांबांपासून वीस पावलांवर. त्यानं तिला न मागता चहा दिला आणि स्वतः उभाच राहिला.

गावात त्याच्याविषयी कुजबुज होती. बाजार आपल्या रानात भरावा म्हणून तो दोन वर्षं पंचायतीच्या मागं लागला होता, आणि त्या पत्रानं ते एका दिवसात घडवलं. दीपमालाच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. पत्रात पूर्वेची शाळा होती, पूर्वेचा बाजार होता. पश्चिमेच्या या हॉटेलाचं नाव नव्हतं.

तिनं तसं विचारलं. वीरेश चिडला नाही. म्हणाला, बाजार रानात गेल्यापासून हॉटेलात कुत्रं फिरकत नाही, रानात भाजीचा सडा पडलाय, आणि वर लोक त्याच्याकडं बोट दाखवतायत.

"माझं नाव घेऊ नका असं म्या म्हणत न्हाई, अक्का," तो म्हणाला. "पण म्या लिहिलं असतं तर पैलं माझ्या हाटेलाचं नाव घातलं असतं. संशय येऊ नये म्हणून."

बोलणं पटण्यासारखं होतं, पण हुशार माणसानं केलेलंही असू शकत होतं.

समोर, शाळेच्या कडेला, पांढऱ्या चुन्याचं एक घर होतं. दार सताड उघडं. उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून एक म्हातारा टाकीकडं तोंड करून बसला होता. वीरेशनं सांगितलं, ते हावगेप्पा, पाणीपुरवठ्याचे रिटायर ओव्हरसियर. बायको गेल्यापासून कुणात मिसळत नाहीत. लेक हुबळीला असते. दीपमालानं त्यांना लांबून नमस्कार केला. त्यांनी हात उचलला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला, जणू ती येईल असं वाटलं होतं. ती आली नाही. तिला मुख्याध्यापकांना गाठायचं होतं.

मुख्याध्यापक गुरुपादय्या भित्रे, टापटिपीचे गृहस्थ. गुरुवारी बाजाराच्या गोंगाटात पोरांना एक अक्षर ऐकू येत नाही अशी त्यांची जुनी तक्रार. पत्रातली पोरांची काळजी मास्तरचीच असणार, असं निम्मा गाव म्हणत होता. त्यांनी शाळेतली झाडून सगळी कोरी रजिस्टरं तिच्यापुढं आणून ठेवली. मधोमध दोन तांबड्या रेघा असलेलं पान एकातही नव्हतं.

"असली वही आमच्या खात्यात येत नाही," ते म्हणाले. "आणि बाई, मी लिहिलं असतं तर चार खोल्या लिहिल्या असत्या. चारीत पोरं बसतात. दोनच का?"

हा प्रश्न तिच्याही मनात होता. उत्तर शोधायला वेळ मिळाला नाही. संध्याकाळच्या बसला ती उभी असताना सुमनबाई धावत आली. बाजारात भाजी विकणारी, पन्नाशीची बाई; तिला दीपमाला चेहऱ्यानं ओळखत होती. सुमनबाईच्या पायात चप्पल नव्हती. तिच्या लेकाला, अमरदीपला, पोलिसांनी घरातून उचलून नेलं होतं.

३

अमरदीप अठ्ठावीस वर्षांचा. शहाबादकडच्या फरशीच्या खाणीत दोन वर्षं सुरुंगासाठी भोकं पाडायचं काम करून आठवड्यापूर्वीच गावी परतला होता. आल्या आल्या पंचायतीत भांडण, आमच्या गल्लीला टाकीचं पाणी कामून येत न्हाई म्हणून. खाण, सुरुंग, टाकी, भांडण. फौजदारांना एवढं पुरलं.

शनिवारी दीपमाला ठाण्यात पोचली तेव्हा फौजदार खुशीत होते. पोरानं कबूल केलंय, असं त्यांनी सांगितलं. ती काही बोलायच्या आत हसत म्हणाले, "तुमच्याच समाजाचा आहे, तुम्हाला वाईट वाटणारच."

असल्या वाक्याला उत्तर दिलं की पुढचं दार बंद होतं, हे ती नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. तिनं फक्त पाच मिनिटं मागितली.

अमरदीपचा डावा गाल सुजला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. तिनं बॉम्बविषयी काही विचारलं नाही. पत्रात शाळेच्या किती खोल्या रिकाम्या करायला लिहिल्या होत्या, एवढंच विचारलं.

"सगळ्या," तो म्हणाला.

"कोणत्या अंगाला बसू नका म्हणलास?"

त्यानं आता पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "कोणत्या म्हणू, मॅडम? तुमीच सांगा. म्हणतो तसं."

बाहेर येऊन तिनं फौजदारांना सांगितलं की या पोरानं पत्र वाचलेलंसुद्धा नाही, लिहिणं लांबच. फौजदार म्हणाले, मग ज्यानं लिहिलं त्याचं नाव आणा, याला सोडतो. नाव नसेल तर हेच नाव राहील.

रविवारी ती पुन्हा चिंचोळगीत आली. टाकीवर पहाऱ्याला बसलेला पोलीस शिपाई जेवायला गेला होता. वाऱ्यानं पिवळी फीत फडफडत होती. बाजार नाही, शाळा नाही. नेहमी गजबजलेल्या त्या चौकात ती एकटीच उभी होती. माणसं असती तर तिनं माणसं मोजली असती. माणसं नव्हती म्हणून ती टाकीच्या लोखंडी शिडीच्या पायऱ्या मोजू लागली. एकेक पायरी फूटभर अंतरावर. ती मान वर करत गेली. पायऱ्या साठ भरल्या.

साठ.

ती पूर्वेच्या खांबापासून शाळेकडं पावलं टाकत निघाली. अडीच फुटांचं एक पाऊल. तेविसाव्या पावलाला तिचा हात शाळेच्या भिंतीला लागला. म्हणजे जवळपास सत्तावन्न फूट. त्या भिंतीमागं दोन खोल्या होत्या. बाकीच्या दोन त्यांच्या मागं, साठ फुटांच्या पलीकडं.

मग ती परत फिरली आणि पश्चिमेला हॉटेलापर्यंत गेली. वीस पावलं, पन्नास फूट. शाळेपेक्षाही जवळ. आणि पत्रात त्याचं नाव नाही.

स्फोट झाला तर तो चारी बाजूंना जातो. त्याला पूर्व-पश्चिम कळत नाही. साठ फूट उंचीची वस्तू जेव्हा पडते, तेव्हा ती एका अंगाला पडते आणि बरोबर साठ फुटांपर्यंत पोचते.

दीपमालानं मान वर केली. टाकीच्या काठावरून पाण्याची एक बारीक धार पूर्वेच्या खांबावरून खाली झिरपत होती.

४

गावात पाणी सोडणाऱ्या वॉटरमनला तिनं त्याच्या घरी गाठलं. टाकी भरलेली आहे का, एवढंच विचारायचं होतं. तो अभिमानानं म्हणाला, काठोकाठ. एवढी वर्षं जुन्या मोटारीनं ती निम्मीच भरायची. उन्हाळ्यासाठी पंचायतीनं मोठी मोटार बसवली, आणि गेल्या मंगळवारी टाकी पहिल्यांदा वरपर्यंत भरली.

मंगळवारी टाकी भरली. बुधवारी कागद आला. गुरुवारी बाजार.

आता प्रश्न फार लहान उरला होता. टाकीची उंची कुणाला पाठ असेल, ती कोणत्या अंगाला कलेल हे कुणाला कळेल, आणि पत्रात 'सबब' असा सरकारी शब्द कुणाच्या हातून सहज उतरेल?

सोमवारी सकाळी ती चुन्याच्या घराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. दार उघडंच होतं. हावगेप्पा त्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी समोरची दुसरी खुर्ची आधीच पुसून ठेवलेली दिसत होती.

"या," ते म्हणाले. "शुक्रवारीच येताल वाटलं होतं."

भिंतीतल्या फळीवर जाड पुठ्ठ्याच्या लांबट वह्या रचलेल्या होत्या. तिनं न विचारता एक काढली. प्रत्येक पानाच्या मधोमध दोन उभ्या तांबड्या रेघा. जमीन मोजताना साखळीचं माप त्या रेघांमध्ये मांडतात, हावगेप्पांनी शांतपणे समजावलं. नोकरीतल्या वह्या आहेत, उरलेल्या. दुसरा कागद घरात नव्हता.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते इतक्या सरळ ओळीत सांगितलं की किती वेळा मनात म्हणून झालं असेल ते तिला कळलं. एकतीस वर्षांपूर्वी ही टाकी त्यांच्या देखरेखीखाली बांधली. पूर्वेचे खांब ओतले त्या दिवशी ते जागेवर नव्हते. लेकीच्या बारशाला निलंग्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर खांब उभे होते. आत गज किती आणि कसे घातलेत ते बघायची सोय उरली नव्हती. पाहून घेतल्याची सही त्यांनी केली.

"न बघता?" तिनं विचारलं.

"न बघता."

पुढं त्याच खांबावरून पाणी झिरपायला लागलं. निवृत्तीनंतर ते मुद्दाम इथं, टाकीच्या समोर, घर घेऊन राहिले. चार वर्षांत अकरा अर्ज दिले. प्रत्येकाची पोच त्यांनी फायलीत लावली होती. सहाव्या अर्जानंतर पंचायतीनं टाकीला रंग दिला. नवव्यानंतर कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. टाकी भरलेली पाहिली त्या मंगळवारी त्यांना कळून चुकलं की बारावा अर्जही त्याच गठ्ठ्यात जाणार.

"टाकी पडंल म्हणलं की लोक हसत्यात," ते म्हणाले. "बॉम्ब म्हणलं की कलबुर्गीहून गाड्या येत्यात. खोटं लिहिलं म्या, बाई. पण माप खरं लिहिलं. कुणीतरी माप बघंल आन येईल, असं वाटलं."

मग ते म्हणाले, "तुमालाबी सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात. बाजारात."

दीपमालाला आठवलं नाही. तिनं पिशवीतून मागच्या वर्षीची डायरी काढली. ती दोन वर्षांच्या डायऱ्या जवळ ठेवायची. घरी त्या कुणी वाचेल अशी भीती नव्हती, पण रिकाम्या खोलीत ठेवायला मन घेत नसे. एप्रिलातला एक गुरुवार सापडला. तिच्याच अक्षरात होतं : 'चिंचोळगी बाजार. सुमारे नऊशे माणसं. एक वृद्ध टाकीबाबत बोलले. आपला विषय नाही. शांतता.'

तिनं डायरी मिटली. ऐकणं हाच तिचा पेशा होता. त्यासाठी सरकार तिला पगार देत होतं.

तिनं त्यांना अमरदीपविषयी सांगायचं टाळलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कधी कधी वाटायचं. पण तिनं सांगितलं. हावगेप्पांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

"मारलं?"

"व्हय, अप्पा."

त्यांनी तिच्या पुढ्यातली वही उचलली आणि फायलीवर ठेवली.

५

फाट्यावरच्या चिंचेखाली उभं राहून तिनं महादेवप्पांना फोन लावला आणि सांगितलं की धोका जास्त.

त्यांनी विचारलं, कुणापासून? ती म्हणाली, टाकीपासून. मग ते म्हणाले की टाकी हा आपला विषय नाही.

"गेल्या वर्षी मीही हेच लिहिलं होतं, सर," ती कन्नडमध्ये म्हणाली. "फॉर्मात फक्त धोका किती ते विचारलंय. तो कुणापासून असावा, याची अट कुठं आहे?"

त्यांनी पत्र लिहिणाऱ्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलं की तो माहितगार आहे, आणि माहितगाराचं नाव आपण कागदावर आणत नाही. महादेवप्पा चांगले अधिकारी होते, पण जुनेही होते. म्हणाले, रिपोर्ट मी आजच वर पाठवतो, उद्या इंजिनियर येईल. पण फौजदारांना नाव लागेल. तुझा माहितगार झाकायचा तर तो पोरगा आतच राहील. दोन्ही होणार नाही.

हे तिलाही दिसत होतं. रात्रभर ती दोन्ही बाजूंनी विचार करत राहिली आणि कुठल्याच काठाला लागली नाही.

मंगळवारी ती इंजिनियरच्या जीपमधून चिंचोळगीत उतरली आणि तिची पहिली नजर चुन्याच्या घराकडं गेली. वर्षानुवर्षं सताड उघड्या असलेल्या दाराला कुलूप होतं.

वीरेशला विचारलं. म्हणाला, म्हातारा पहाटेच्या जीपनं गेला. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल, काखेत एक फाईल. कुठं ते सांगितलं नाही.

इंजिनियर तरुण होता आणि उन्हात आणल्याबद्दल नाराज. निनावी पत्रावरून टाक्या तपासायच्या तर कठीणच, असं तो वाटेत दोनदा म्हणाला होता. त्यानं फीत ओलांडली, पूर्वेच्या खांबावर हातोडीनं ठोकलं. नव्या रंगाखालचा गिलावा पापडासारखा निघून पडला. दुसऱ्या ठोक्याला आतला गज दिसला. त्यानं तो बोटांनी धरला आणि बोटांत तांबडी भुकटी आली. तो शेजारच्या खांबाकडं गेला, तिथलाही गिलावा पाडला. तिथं गज जितके हवे त्याच्या निम्मेच होते.

त्यानं हातोडी तिथंच टाकली. टाकीकडं बघत दोन पावलं मागं सरकला, मग वळून चालू लागला, आणि फितीबाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाला, कुणीही ओरडू नका, पण शाळेपासून सगळे लांब व्हा. आणि वॉटरमनला सांगा, खालचा व्हॉल्व्ह हळूहळू उघड.

पाणी ओढ्याला वाहत असताना दीपमालाचा फोन वाजला. ठाण्यातून फौजदार बोलत होते. आवाजातली खुशी गेली होती. सकाळी सातपासून एक म्हातारा समोर बसलाय, ते म्हणाले. म्हणतो पत्र माझं आहे, माझ्या कागदापायी पोराला मार बसला, त्याला सोडा आणि माझा जबाब घ्या. वही घेऊन आलाय. आणि जबाबात पत्राबरोबर टाकीच्या खोट्या सहीचंही लिहून घ्या म्हणून हटून बसलाय.

६

अमरदीप त्याच दुपारी सुटला. हावगेप्पांना अटक झाली.

शनिवारी यंत्रानं टाकी पाडायला घेतली. टाकी रिकामी होती, तरी पहिल्याच धक्क्याला ती पूर्वेकडं कलली आणि अख्खीच्या अख्खी आडवी झाली. शाळेची पडवी आणि त्या दोन खोल्यांची भिंत तिच्याखाली गेली. वीरेशच्या हॉटेलापर्यंत खडासुद्धा उडाला नाही. त्या वेळी शाळेत कुणी नव्हतं. गुरुपादय्या लांब उभे राहून पोरांची नावं एकेक करून पुटपुटत होते.

गावानं हावगेप्पांना दुवा दिला असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. टाकी त्यांनीच बांधली होती, हे आता सगळ्यांना कळलं होतं. पोरं वाचली हे जितकं खरं, तितकंच एकतीस वर्षं सगळा गाव त्या खांबांखाली बसला हेही खरं. सोमवारी तालुक्याच्या कोर्टात त्यांना जामीन मंजूर झाला, तेव्हा जामीनदार म्हणून उभं राहायला चिंचोळगीतून कुणी आलं नाही. लेक हुबळीहून निघते म्हणाली होती, ती पोचली नव्हती. वकिलानं दोनदा बाहेर येऊन पाहिलं. दीपमाला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभी होती. पोलीस खात्यातल्या माणसाला या कामात जामीन राहता येत नाही. ती नुसती उभीच राहू शकत होती.

दुपारच्या सुमारास फाटकातून सुमनबाई आली. पदराखाली प्लास्टिकच्या पिशवीत शेताची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, होती. दोन एकर कोरडवाहू. तिच्यामागं अमरदीप, नाराज चेहऱ्यानं. गालावरचा वण पिवळा पडला होता. वकिलानं विचारलं, बाई, तुम्ही यांच्या कोण? ती म्हणाली, कुणी न्हाई. कुठं अंगठा लावायचा ते दावा.

अंगठा लावून झाल्यावर ती दीपमालाजवळ आली. शाई पुसायला तिच्याकडं काही नव्हतं. दीपमालानं आपला रुमाल दिला.

"मावशी, तुमाला कुणी सांगितलं यायला?"

"कोण सांगनार?" सुमनबाई अंगठा पुसत म्हणाली. "वीस वर्सं झाली मला त्या टाकीखाली भाजी घेऊन बसून. दुपारची सावली पूर्वेच्याच अंगाला पडती. तिथंच माझा गोणपाट." तिनं रुमाल घडी करून परत दिला. "माझ्या लेकराला मार बसला ते म्या मरंस्तोर इसरनार न्हाई. ते येगळं. हे येगळं."

हावगेप्पा बाहेर आले. आठवड्यात ते खूप वाळले होते. फाईल अजून काखेत होती. ते अमरदीपच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. अमरदीप दुसरीकडं बघत होता. शेवटी त्यानं त्यांच्या काखेतून घसरणारी फाईल काढून घेतली आणि आपल्या हातात धरली.

निंबर्ग्याकडं जाणारी जीप फाटकाशी उभी होती. तिघं चढले. सुमनबाई आणि हावगेप्पा समोरासमोरच्या बाकांवर बसले, गुडघ्याला गुडघे लागत होते, आणि दोघांच्या नजरा आपापल्या पायांवर होत्या. ड्रायव्हरनं दीपमालाला विचारलं, अक्का, येनार का, एक जागा हाय.

ती पुढं झाली. आतलं बोलणं, जे काही थोडं चाललं होतं, ते थांबलं. सवयीनं ती मागं सरकायला लागली, इतक्यात सुमनबाईनं वर न बघता आपली पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली.

दीपमाला त्या रिकाम्या झालेल्या जागेवर जाऊन बसली. जीप निघाली. वाटेतल्या कडगंचीच्या फाट्यापर्यंत कुणीच कुणाशी काही बोललं नाही, आणि तिनंही कुणाकडून काही ऐकायचा प्रयत्न केला नाही.